आमदारकी सोडून राज्यव्यापी निवडणूक लढवावी का? जॉर्जियात जे पाहिलं त्यावरून सांगते

प्रश्न परत थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वहिनी त्यांच्या राज्याच्या स्टेट हाउसमधे (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात) दोन टर्म आहेत, काम चांगलं आहे, दोन्ही पार्टीतले लोक मानतात, आणि आता त्या ती सीट सोडून पुढच्या निवडणुकीत अख्ख्या राज्याच्या पदासाठी उभं रहायचं म्हणतायत. घरात दोन तट पडलेत. तुम्ही उदाहरण दिलंय स्टेसी अब्राम्सचं, जॉर्जियाच्या हाउसमधून येऊन २०१८ आणि २०२२ ला गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅट, की एवढी हुशार बाई, एवढं नाव, तरी दोनदा हरली, मग आमच्या वहिनींचं काय होणार.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. अटलांटाच्या उत्तरेला ग्विनेट काउंटीत रहाते, २००८ पासून निवडणुकांचं काम करतेय, सुरुवातीला शनिवार-रविवार दारं वाजवणारी व्हॉलंटियर, मग पगारी फील्ड ऑर्गनायझर, आणि आता स्कूल बोर्ड, स्टेट हाउस असल्या छोट्या कॅम्पेन्सना प्लॅन करून देते. काम सगळं डेमोक्रॅटिक बाजूचं केलंय, ते लक्षात ठेवून वाचा. आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, तुमच्या वहिनींचं राज्य कुठलं, पद कुठलं, सध्या त्या खुर्चीवर कोण बसलंय यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. त्यामुळे हो किंवा नाही असं मी सांगणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगू शकते.

तुम्ही विचारलंय की विधिमंडळात एवढा मान आहे तर राज्यभर जिंकायला काय हरकत. मला वाटतं खरा प्रश्न हा आहे की सीट सोडल्यावर त्यांच्याबरोबर नेमकं काय येणार? कारण मान बरोबर येत नाही, तो तिथेच त्या बिल्डिंगमधे रहातो.

आपल्याला हे चटकन पटत नाही कारण आपण महाराष्ट्रातलं राजकारण बघत मोठे झालोय. तिकडे अख्ख्या राज्याने एकाच माणसासाठी बटण दाबलंय असं एकही पद नाही. २८८ आमदार, १४५ ज्याच्या मागे तो मुख्यमंत्री, म्हणजे सभागृहातले सहकारी, पक्षश्रेष्ठी, कोण कुणाला मानतो, हीच वर जायची शिडी. इकडे गव्हर्नरला (म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा प्रमुख), आणि बऱ्याच राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटला, ॲटर्नी जनरललाही थेट लोक निवडतात, आणि त्या लोकांना तुमच्या वहिनींनी कमिटीत कुठलं बिल किती शिताफीने वाचवलं हे माहीत नसतं आणि कळवायला गेलात तरी दारात उभं राहून ते कुणी ऐकत नाही.

शिवाय आकार बघा. जॉर्जियाच्या हाउसमधे १८० जण, अब्राम्स तिथे होत्या त्या काळात एका डिस्ट्रिक्टमधे साधारण ५४ हजार लोकसंख्या. हा आकडा मुंबईतल्या एका नगरसेवकाच्या वॉर्डाएवढा आहे हो! महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांच्या वर नुसते मतदारच असतात. म्हणजे आपण 'आमदार' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर जे येतं त्याच्या मानाने स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह खूपच छोट्या मुलखातला माणूस असतो, पगार जॉर्जियात तेव्हा वर्षाला सुमारे १७ हजार डॉलर, अधिवेशन ४० कामकाजाच्या दिवसांचं, बाकी वेळ आपापली नोकरी-धंदा. ५४ हजारांच्या डिस्ट्रिक्टमधे मी तीन-चार चांगले व्हॉलंटियर घेऊन दोन महिन्यांत उपयोगाचं प्रत्येक दार गाठू शकते, उमेदवार स्वतः निम्म्या दारांवर जाऊ शकतो. १५९ काउंट्या आणि कोटभर लोक, तिथे हे गणितच संपतं. तिथून पुढे नाव, पैसा आणि संघटना, आणि ही तिन्ही गोष्टी आधीच्या कामातून आपोआप तयार होत नाहीत.

आता अब्राम्स यांच्याकडे येते, कारण त्यांनी हेच ओळखलं होतं असं माझं मत आहे, आणि 'दोनदा हरली' एवढ्यावर सोडून दिलं तर त्यातलं शिकण्यासारखं सगळं हातचं जातं.

२००६ मधे त्या जॉर्जिया हाउसवर निवडून आल्या, त्याआधी अटलांटा शहराच्या डेप्युटी सिटी ॲटर्नी होत्या. २०११ पासून २०१७ पर्यंत हाउसमधे मायनॉरिटी लीडर, म्हणजे हरलेल्या बाजूच्या नेत्या. बहुमत रिपब्लिकन्सचं, गव्हर्नर रिपब्लिकन, त्यामुळे काही मिळवायचं तर वाटाघाटी करूनच. २०११ मधे होप स्कॉलरशिप या राज्याच्या कॉलेज शिष्यवृत्तीचा पैसा पुरेना (लॉटरीतून येतो तो), तेव्हा गव्हर्नर नेथन डील यांच्या बिलाला त्यांनी वाटाघाटी करून साथ दिली, स्कॉलरशिप कमी झाली पण प्री-के (शाळेआधीचे बालवर्ग) सारख्या काही गोष्टी वाचवल्या असं त्यांचं म्हणणं. विधिमंडळाच्या हिशोबाने हे चोख काम होतं. आणि २०१८ मधे गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) समोर उभ्या राहिल्या स्टेसी इव्हान्स, त्याही हाउसच्याच माजी सदस्य, स्वतः होप स्कॉलरशिपवर शिकलेल्या, आणि त्यांनी मुख्य मुद्दा हाच केला की हिने रिपब्लिकन्सशी हातमिळवणी करून गरीब मुलांची स्कॉलरशिप कापली. हे वहिनींना नक्की वाचून दाखवा. सभागृहातली तडजोड राज्यव्यापी निवडणुकीत समोरच्याच्या हातात जाते. दोन्ही पार्टीतले लोक मानतात ही गोष्ट प्रायमरीत उलटी फिरू शकते.

तरी अब्राम्स ती प्रायमरी सुमारे ७६ टक्के मतांनी जिंकल्या. (तेव्हा दारोदार फिरताना मला निम्मा वेळ "कुठली स्टेसी?" याचंच उत्तर द्यायला लागायचं, एक आजी तर दोघींना एकच समजत होत्या आणि ती एवढी दोन ठिकाणी प्रचार कशी करते याचं त्यांना कौतुक वाटत होतं.) का जिंकल्या? सभागृहातल्या मानामुळे नाही. मायनॉरिटी लीडर असतानाच त्यांनी न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट नावाची संस्था उभी केली, २०१४ पासून मतदार नोंदणीचं काम सुरू झालं, मुख्यतः कृष्णवर्णीय, तरुण, स्थलांतरित कुटुंबातले लोक, जे कधी यादीतच नव्हते. म्हणजे सीट सोडायच्या तीन वर्षं आधी डिस्ट्रिक्टच्या बाहेर, अख्ख्या राज्यात, काहीतरी बांधणं चालू होतं. ऑगस्ट २०१७ मधे राजीनामा दिला तेव्हा त्यांच्याबरोबर काय आलं तर हे आलं.

आकडे बघा. २०१४ मधे गव्हर्नरसाठी डेमोक्रॅट उमेदवार होते जेसन कार्टर, स्टेट सेनेटर (राज्याच्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले), माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे नातू, म्हणजे नावाची अडचण नाही. त्यांना साधारण ११.४ लाख मतं पडली. चार वर्षांनी अब्राम्सना सुमारे १९.२ लाख. रिपब्लिकन ब्रायन केंप यांना त्याहून ५४,७२३ जास्त, ५०.२ टक्के विरुद्ध ४८.८. जॉर्जियात ५० टक्क्यांच्या खाली गेलं तर रनऑफ होतो (पहिल्या दोघांत परत मतदान), म्हणजे केंप काठावरच होते. सगळं श्रेय नोंदणीच्या मोहिमेला देता येत नाही, २०१६ पासून जॉर्जियात ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच आपोआप मतदार नोंदणी व्हायला लागली होती, २०१८ हे वर्षही ट्रम्पविरोधी लाटेचं होतं. पण कार्टर यांच्यापेक्षा पावणेआठ लाख मतं जास्त नुसत्या लाटेने येत नाहीत, मी ती माणसं दारात उभी बघितलीयत ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं.

तुम्ही विचारलंय की ती निवडणूक चोरली का. माझं उत्तर दोन भागात आहे. केंप स्वतः तेव्हा सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, म्हणजे निवडणूक चालवणारं ऑफिस त्यांच्याच हाताखाली, आणि नावातला हायफन नाहीतर स्पेलिंग जुळत नाही म्हणून 'एक्झॅक्ट मॅच' नियमाखाली सुमारे ५३ हजार नोंदण्या अडकलेल्या, त्यात मोठा वाटा कृष्णवर्णीयांचा. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. पण अब्राम्स यांच्या फेअर फाइट संस्थेने जी केस केली ती चार वर्षं चालली आणि सप्टेंबर २०२२ मधे फेडरल जज स्टीव्ह जोन्स यांनी सगळे मुद्दे फेटाळले. आपल्या बाजूचा राग कितीही खरा असला तरी कोर्टात टिकला नाही हे सांगायला पाहिजे.

आणि इथे अजून एक गोष्ट, वहिनींनी फार गंभीरपणे घ्यावी. जानेवारी २०२५ मधे न्यू जॉर्जिया प्रोजेक्टने राज्याच्या एथिक्स कमिशनपुढे मान्य केलं की २०१८ मधे त्यांनी अब्राम्स यांच्यासाठी प्रचार केला आणि तो खर्च जाहीर केला नाही, दंड ३ लाख डॉलर. ज्या संस्थेचा मला अभिमान होता तिचं हे झालं याचं वाईट वाटतं. नोंदणीचं काम करणारी सेवाभावी संस्था आणि उमेदवाराची कॅम्पेन यांची बँक खाती, माणसं, याद्या, अगदी ऑफिसची किल्लीसुद्धा वेगळी ठेवा, आणि इलेक्शन लॉ करणारा वकील पहिल्या महिन्यातच धरा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लोक म्हणतात अब्राम्स हरल्या म्हणजे स्टेट हाउसमधून थेट गव्हर्नर होता येत नाही. पण २०१८ ला समोर जे होते ते केंपही माजी स्टेट सेनेटरच होते! २००३ ते २००७ सेनेटमधे, २००६ मधे सीट सोडून ॲग्रिकल्चर कमिशनर या राज्यव्यापी पदासाठी उभे राहिले आणि रिपब्लिकन प्रायमरीतच हरले. २०१० मधे सेक्रेटरी ऑफ स्टेटची जागा रिकामी झाली तेव्हा गव्हर्नरने त्यांना नेमलं, मग ते पद दोनदा निवडणुकीतून जिंकलं, आणि मग गव्हर्नर. पहिल्या पराभवापासून बारा वर्षं. जिमी कार्टर घ्या, दोन टर्म स्टेट सेनेटर, १९६६ मधे गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले, पुढची चार वर्षं राज्य पालथं घातलं, १९७० ला जिंकले. रॉय बार्न्स, स्टेट सेनेटर, १९९० च्या प्रायमरीत झेल मिलर आणि अँड्र्यू यंग यांच्या मागे तिसरे, मग हाउसमधून विधिमंडळात परतले, १९९८ ला गव्हर्नर. तिघेही विधिमंडळातून आलेले, तिघेही पहिल्या राज्यव्यापी निवडणुकीत हरलेले, तिघेही नंतर गव्हर्नर.

मग अब्राम्स २०२२ ला का नाही? ही यादी परत बघा. १९७० ला खुर्ची रिकामी होती, तेव्हा जॉर्जियात गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्म घेताच येत नव्हती. १९९८ ला रिकामी, मिलर यांच्या दोन टर्म संपलेल्या. २०१८ ला रिकामी, डील यांच्या दोन संपलेल्या. २०२२ ला मात्र खुर्चीत केंप बसलेले होते आणि २०२० चा राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल उलटवायला ट्रम्प यांना नाही म्हटल्यामुळे मधल्या लोकांत त्यांची किंमत वाढली होती. त्या वर्षी अब्राम्सना सुमारे १८.१ लाख मतं, केंपना २१.१ लाख, फरक ५४ हजारांवरून जवळजवळ ३ लाखांवर गेला. आणि त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर अमेरिकी सेनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक यांना सुमारे १९.५ लाख मिळाली आणि ते पुढे डिसेंबरच्या रनऑफमधे जिंकले. म्हणजे लाखभराहून जास्त मतदार असे की ज्यांनी वॉर्नॉकवर खूण केली आणि अब्राम्सवर नाही. पैसा कमी नव्हता, १० कोटी डॉलरच्या वर जमवले होते. माझ्या वॉक लिस्टवरचे (दारोदार फिरायच्या यादीतले) लोक त्या वर्षी मला सरळ सांगायचे, ताई ती चांगली आहे पण हा माणूस काही वाईट चालवत नाहीये. या वाक्याला फील्डवर उत्तर नसतं.

अपवाद आहे, लपवत नाही. २००२ मधे सनी पर्ड्यू, ते पण माजी स्टेट सेनेटर, यांनी खुर्चीत बसलेल्या बार्न्स यांना हरवलं, पैशात कितीतरी मागे असून. पण बार्न्स यांनी २००१ मधे राज्याचा झेंडा बदलला होता आणि शिक्षक त्यांच्यावर नाराज होते. बसलेला माणूस स्वतः जेव्हा लोकांच्या मनातून उतरायला लागलेला असतो तेव्हाच हे होतं.

सभागृहातला मान कामी येत नाही हे मी स्वतःच्या कामातही अनुभवलंय. एका राज्यव्यापी पदाच्या प्रायमरीत मी एका माजी आमदाराकडे फील्डचं काम बघत होते, नाव घेत नाही. पंचवीसेक सहकारी आमदारांचा पाठिंबा होता, आम्ही प्रत्येकाचा फोटो टाकून पत्रक छापलं आणि मनात धरून चाललो की प्रत्येक जण आपल्या डिस्ट्रिक्टमधली मतं आणून देईल. पण त्या प्रत्येकाची स्वतःची निवडणूक चालू होती, स्वतःचे व्हॉलंटियर कमी पडत होते, कोणी कोणासाठी दार वाजवलं नाही. ज्या काउंट्यांमधे आमची स्वतःची चार-पाच माणसं होती तिथे आम्ही पहिले, आणि ज्यांच्या भरवशावर होतो त्या डिस्ट्रिक्ट्समधे तिसरे. ते पत्रक माझ्याकडे अजून आहे, नवीन उमेदवारांना दाखवते.

आपल्या मराठी मंडळींमधली उदाहरणं तुम्ही विचारली होती. कुमार बर्वे, मेरीलँड, १९९० मधे निवडून आले तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याही स्टेट विधिमंडळात पोचलेले पहिले भारतीय-अमेरिकन, पुढे हाउस ऑफ डेलिगेट्समधे (मेरीलँडचं खालचं सभागृह) बरीच वर्षं मेजॉरिटी लीडर. २०१६ मधे काँग्रेससाठी (म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी) उभे राहिले, राज्यव्यापीसुद्धा नाही, एका डिस्ट्रिक्टपुरतं, आणि प्रायमरीत मागे पडले, त्यात एक प्रतिस्पर्धी स्वतःचे कोट्यवधी ओतत होता. श्री ठाणेदार, आपले बेळगावचे, त्यांचा रस्ता उलटा, २०१८ मधे मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचा पैसा घालून उभे राहिले, प्रायमरीत तिसरे, साधारण १८ टक्के, पण त्या पैशाने डेट्रॉइटमधे नाव घरोघरी पोचलं, २०२० ला तिथूनच स्टेट हाउसवर आणि २०२२ ला काँग्रेसवर. आणि मराठी नाहीत पण वहिनींनी ज्यांचा अभ्यास करावा अशा अरुणा मिलर, जन्म हैदराबादचा, मेरीलँडच्या डेलिगेट, २०१८ ला ती सीट सोडून काँग्रेसला उभ्या राहिल्या, हरल्या, हातात काही नाही. चार वर्षांनी गव्हर्नरपदाचे उमेदवार वेस मूर यांनी जोडीला घेतलं आणि आज लेफ्टनंट गव्हर्नर (गव्हर्नरच्या खालोखालचं पद) आहेत. सीट सोडल्यावर सगळं संपतं असं जे घरात म्हणतायत त्यांना हे सांगा, पण ही चार वर्षं कशी काढायची (नोकरी, घराचा हप्ता, मुलं) ते आधी बोलून ठेवा. अब्राम्स यांनी तर २०१८ मधे दोन लाख डॉलरच्या वर वैयक्तिक कर्ज असल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं.

तर वहिनींना मी काय विचारेन. पहिलं, खुर्ची रिकामी आहे का, आणि नसेल तर बसलेल्या माणसावर लोक खरंच नाराज आहेत का की फक्त आपल्या ग्रुपमधले नाराज आहेत. दुसरं, डिस्ट्रिक्टच्या बाहेर, दोन तास गाडी चालवून जावं लागेल अशा काउंट्यांत, त्यांच्या सांगण्यावरून शनिवारी घराबाहेर पडतील अशी किती माणसं आहेत, नावानिशी. दहा काउंट्यांत मिळून पन्नास नावं निघाली तर मी पुढे बोलेन, पाचच निघाली तर अजून एक टर्म हाउसमधे काढा आणि त्या दोन वर्षांत ती पन्नास करा, हे माझं स्पष्ट मत. तिसरं, पैसे मागायला फोन करवतो का, कारण राज्यव्यापी उमेदवाराचा दिवस रोज चार-पाच तास त्यातच जातो आणि चांगले आमदार इथेच सगळ्यात जास्त अवघडतात, त्यांना धोरणावर बोलायला आवडतं.

नियमांचं एक. जॉर्जियात अधिवेशन चालू असताना आमदाराला निवडणुकीसाठी देणगी घेताच येत नाही, बाहेरच्या उमेदवाराला येते. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत समोरचा पैसे गोळा करतोय आणि तुम्ही हात बांधून बसलाय, म्हणून इकडे लोक आधीच राजीनामा देतात, २०१७ मधे दोघी स्टेसींनी दिला. वहिनींच्या राज्यात असा नियम आहे का, दोन पदांसाठी एकाच वेळी उभं रहाता येतं का, सीट मधेच सोडली तर पोटनिवडणूक होते की नेमणूक, हे तीन प्रश्न घेऊन त्यांच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसला फोन करा, उत्तरं लेखी मागा. ती आली की राज्याचं नाव, पद आणि त्या पन्नास नावांपैकी किती निघाली एवढं इथेच लिहा, मग काउंटीवार कुठून सुरुवात करायची ते बसून बघू.